कमी खर्चातला स्कूबा रेग्युलेटर: कसा निवडायचा, कसा जपायचा

ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स झाला, स्वतःचा मास्क आणि फिन्स आले, की पुढची मोठी खरेदी म्हणजे रेग्युलेटर, टँकमधली हवा श्वास घेता येईल इतक्या दाबावर तोंडात देणारं यंत्र. एकाच कंपनीचे पाच-सहा संच समोर असतात आणि सर्वांत स्वस्त नि सर्वांत महाग यांच्या किमतीत तिप्पट-चौपट फरक असतो. मग मनात पहिली शंका येते: स्वस्त घेतला तर पाण्याखाली दगा देईल का? नावाजलेल्या कंपनीचा सर्वांत साधा रेग्युलेटर मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगच्या खोलीत दगा देत नाही. दगा देतो तो आत मिठाचं पाणी शिरलेला, वर्षानुवर्षं न उघडलेला रेग्युलेटर, मग तो कितीही महागाचा असो. म्हणून खरेदीत वाचवलेले पैसे सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवा.

वर्षातून एकदाच गोव्याला जाऊन दोन-तीन डाइव्ह करणार असाल, तर रेग्युलेटर भाड्यानेच घ्या. रबर आणि सीट (झडप जिच्यावर बंद होते तो मऊ भाग) वापरले नाहीत तरी जुने होतात आणि सर्व्हिसिंग चुकत नाही. वर्षाला आठ-दहा डाइव्हच्या पुढे गेलात, की स्वतःचा घेण्यात अर्थ आहे. त्याची हालत तुम्हाला माहीत असते आणि माउथपीस फक्त तुमच्याच तोंडात गेलेला असतो.

आत काय चालतं

भरलेल्या टँकमध्ये सुमारे २०० बार दाब असतो. टँकवर बसणारी फर्स्ट स्टेज तो दाब आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ८.५ ते १० बार जास्त इतका खाली आणते. याला इंटरमीडिएट प्रेशर म्हणतात, बोलताना नुसतं ‘आयपी’. ही हवा होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, सेकंड स्टेजला, म्हणजे तोंडात धरायच्या भागाला जाते. तुम्ही श्वास ओढला की सेकंड स्टेजमधला डायाफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, आत येतो, लिव्हर दाबतो, झडप उघडते आणि हवा मिळते.

ही झडप हवेच्या वाहत्या दिशेने उघडते. त्यामुळे फर्स्ट स्टेजची सीट खराब होऊन आयपी वाढला, तर सेकंड स्टेज बंद न पडता उघडी राहते आणि हवा वाहू लागते. हवा वाया जाते, पण श्वास अडत नाही. स्वस्त-महाग जवळजवळ सगळ्या रेग्युलेटरमध्ये हीच व्यवस्था असते.

फर्स्ट स्टेज: पिस्टन की डायाफ्राम

स्वस्त गटातले बहुतेक रेग्युलेटर ‘अनबॅलन्स्ड पिस्टन’ प्रकारचे असतात. स्कूबाप्रोचा एमके२ इव्हो, क्रेसीचा एसी२, अ‍ॅक्वालंगचा कॅलिप्सो ही त्यातली नावं. आत हलणारा भाग एकच, पिस्टन. त्याला एक स्प्रिंग, एक सीट आणि मोजक्या ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्या. सुटे भाग कमी, म्हणून सर्व्हिस किट स्वस्त, आणि कोणताही प्रशिक्षित तंत्रज्ञ तो थोड्या वेळात उघडून बसवतो.

याची एक मर्यादा आहे. टँकमधला दाब सीटवर थेट ढकलत असतो, त्यामुळे टँक रिकामा होत जाईल तसा आयपी सुमारे १ ते २ बारने उतरतो. ५० बारच्या खाली श्वास किंचित जड लागतो. बॅलन्स्ड रचनेत आयपी टँकच्या दाबाप्रमाणे बदलत नाही. ३० मीटरवर आजूबाजूचा दाब ४ बार असतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा डायव्हर तिथे ८० लिटरइतकी हवा ओढतो, आणि बडीला, म्हणजे सोबतच्या डायव्हरला, ऑक्टोपस (त्याच्यासाठीची जादा सेकंड स्टेज) द्यावा लागला तर त्याच्या दुप्पट. इतक्या खोलीवर, टँक संपत आलेला असताना, दोघं धापा टाकत असतील तर बॅलन्स्ड रेग्युलेटरचा फायदा खरोखर जाणवतो. पण मालवणच्या किल्ल्याभोवतालच्या उथळ डाइव्हला, गोव्याच्या ग्रांडे बेटाला किंवा कर्नाटकातल्या नेत्राणीला, जिथे बहुतेक डाइव्ह २० मीटरच्या आतच असतात, साधा पिस्टन पुरून उरतो. नियमितपणे ३० मीटरच्या पलीकडे जाणार असाल तर बॅलन्स्डसाठी जास्त पैसे मोजा.

दुसरा प्रश्न गाळाचा. साध्या पिस्टनमध्ये स्प्रिंगच्या कप्प्यात समुद्राचं पाणी मोकळं येतं-जातं. पाण्यासोबत बारीक वाळू आणि मीठही येतं आणि नीट भिजवून धुतलं नाही तर तिथेच साचतं. ‘सील्ड डायाफ्राम’ प्रकारात हा कप्पा बंद असतो. कोकण किनाऱ्याचं पाणी हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी गढूळ असतं. तिथे सतत काम करणाऱ्या इन्स्ट्रक्टरसाठी सील्ड डायाफ्राम योग्य, किट महाग पडलं तरी. सुटीत डाइव्ह करणाऱ्याने मात्र धुण्याची सवय लावून घ्यावी, तेवढ्यावर भागतं.

‘थंड पाण्यासाठी खास’ असं सांगून जास्त किंमत लावलेला संच भारतातल्या समुद्रासाठी लागत नाही. युरोपच्या ईएन २५० मानकात १० अंश सेल्सिअसच्या खालचं पाणी थंड धरतात. ज्या रेग्युलेटरवर ‘१० अंशांच्या वर’ अशा अर्थाची खूण असते तो अंदमान, लक्षद्वीप, कोकणात सगळीकडे चालतो. ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत राहून तिथल्या तलावांत उतरणाऱ्यांनी मात्र हीच खूण बघून तो रेग्युलेटर बाजूला ठेवावा, कारण गार पाण्यात त्यात बर्फ धरून हवा अनावर वाहू शकते.

योक की डिन

टँकला जोडायचे दोन प्रकार. योक म्हणजे टँकच्या व्हॉल्व्हवर बसवून मागून स्क्रूने आवळायची कडी. डिन म्हणजे व्हॉल्व्हच्या आत फिरवून बसवायचा आटा. योक २३२ बारपर्यंतच वापरायचा. डिन २३२ आणि ३०० बार अशा दोन्ही प्रकारांत मिळतो.

आपल्याकडच्या डाइव्ह सेंटरमध्ये बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे एस८० टँक असतात, आत ११.१ लिटर जागा आणि २०७ बार दाब. त्यांना योक लागतो. फक्त भारतात आणि अमेरिकेत डाइव्ह करणार असाल तर योक घ्या. युरोपात डिन सर्रास चालतो, त्यामुळे तिकडे राहणाऱ्याने डिन घेऊन सोबत डिन-योक अ‍ॅडॉप्टर ठेवावा. अ‍ॅडॉप्टर लावला की फर्स्ट स्टेज दोन-तीन सेंटिमीटर मागे सरकते आणि मान वर केली की डोक्याला लागते. डिनची ओ-रिंग रेग्युलेटरवर असते, योकची टँकच्या व्हॉल्व्हवर. म्हणजे योक वापरताना तुमची ओ-रिंग दर टँकला वेगळी, आणि ती तपासणं तुमचंच काम.

सेकंड स्टेज, ऑक्टोपस, पोर्ट

सेकंड स्टेजवरचा श्वास हलका-जड करायचा गोल नॉब नवशिक्याला लागत नाही. व्हेंचुरीची छोटी लिव्हर मात्र हवी. पाण्यात उडी मारताना ती ‘प्री-डाइव्ह’वर ठेवली की हवा भसाभस सुटत नाही, आणि खाली गेल्यावर ‘डाइव्ह’वर फिरवायची. प्लॅस्टिकची केस हलकी असते. धातूच्या केसमध्ये श्वासातला ओलावा धरला जातो, म्हणून घसा कमी कोरडा पडतो. दोन्ही चालतात.

ऑक्टोपस म्हणजे बडीसाठीची दुसरी सेकंड स्टेज. ती त्याच कंपनीची आणि मुख्य स्टेजच्याच किटवर सर्व्हिस होणारी घ्या, म्हणजे सुटे भाग एकच लागतात. तिचा होज मुख्य होजपेक्षा लांब असावा. मुख्य होज सुमारे ७५ सेंटिमीटर, ऑक्टोपसचा सुमारे १ मीटर. होज पिवळा असला तर गढूळ पाण्यात पटकन सापडतो.

फर्स्ट स्टेजवर पोर्ट, म्हणजे होज जोडायची भोकं, किती आहेत ते विकत घेण्याआधी मोजा. लो प्रेशरचे किमान तीन लागतात: मुख्य स्टेज, ऑक्टोपस आणि बीसीडीत (तरंगणं सांभाळायच्या, हवा भरता येणाऱ्या जाकिटात) हवा भरायचा होज. हाय प्रेशरचा किमान एक लागतो, दाबमापकासाठी, म्हणजे एसपीजीसाठी. एमके२ इव्होला चार लो प्रेशर आणि एकच हाय प्रेशर पोर्ट आहे. पुढे डाइव्ह कॉम्प्युटरचा ट्रान्समीटर लावायचा आणि एसपीजीही ठेवायचा असेल, तर एका पोर्टवर अडचण होते.

परदेशात नावाजलेल्या कंपनीची साधी फर्स्ट आणि सेकंड स्टेज साधारण २०० ते ३५० डॉलरच्या आसपास मिळते. ऑक्टोपस, एसपीजी आणि होज त्यावर वेगळे, त्यामुळे जाहिरातीतल्या आकड्यावर बजेट बसवू नका. बाहेरून मागवला तर भारतात कस्टम ड्युटी लागते आणि वॉरंटी इथे लागू होईलच असं नाही. पैसे देण्याआधी तुमच्या सोयीच्या शहरात त्या कंपनीची सर्व्हिस करणारा तंत्रज्ञ आहे का, आणि त्याच्याकडे त्या मॉडेलची किट असते का, हे फोन करून विचारा. उत्तर ‘मागवावी लागेल, दोन-तीन महिने लागतील’ असं आलं, तर दुसरं मॉडेल बघा. परवडण्याची खरी कसोटी इथे लागते.

जुना रेग्युलेटर घेणं चुकीचं नाही. पण किट अजून मिळते का ते आधी बघा आणि किमतीत एका पूर्ण ओव्हरहॉलचा खर्च धरूनच बोला, मग विकणारा ‘गेल्याच महिन्यात सर्व्हिस केलीय’ म्हणो. योक सोडवून आतला जाळीचा फिल्टर टॉर्चच्या उजेडात बघा. तो मूळचा फिकट धातूच्या रंगाचा असतो. हिरवट दिसला तर आत खारं पाणी शिरलंय आणि पितळ गंजलंय. तांबूस दिसला तर स्टीलच्या टँकमधला गंज आलाय. काळपट दिसला तर कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधली कोळशाची भुकटी असू शकते. हिरवा फिल्टर असलेला रेग्युलेटर सोडून द्या. फिल्टर बदलून भागत नाही, कारण जे पाणी फिल्टरपर्यंत पोचलं ते पुढे सीटपर्यंतही गेलेलं असतं.

आणखी एक कळकळीची सूचना. हातपंपाने भरायच्या अर्ध्या-एक लिटरच्या बाटल्या आणि त्यावर बसवलेले बिननावाचे रेग्युलेटर इंटरनेटवर स्वस्तात मिळतात. त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, चाचणीचं मानक नसतं, आणि पंपातून आत जाणारी हवा कोरडी व तेलमुक्त असेल याची खात्री नाही. दोन-तीन मीटर खोलीवरही दाबाखालची हवा घेऊन श्वास रोखून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं. असली वस्तू मुलांच्या हाती अजिबात देऊ नका.

डाइव्हनंतर धुणं

रेग्युलेटर खराब होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण डस्ट कॅप. ही फर्स्ट स्टेजच्या तोंडावर बसणारी छोटी टोपी. ती ओली असताना बसवली किंवा बसवायचीच राहिली, की खारं पाणी थेट फिल्टरवर जातं. बोटीवर बरेच जण टँकचा व्हॉल्व्ह किंचित उघडून हवेच्या झोताने टोपी वाळवतात. ते चालतं, पण झोत फर्स्ट स्टेजच्या तोंडाकडे मारू नका, कारण कडेला बसलेलं पाणी त्याने आत ढकललं जातं. कोरड्या फडक्याने टोपीची आतली बाजू आणि खाच, मग फर्स्ट स्टेजच्या तोंडाची कड पुसून घ्या. टोपीच्या आतल्या रबराला चीर असेल तर ते बदला. रुपया-दोन रुपयांचं रबर असतं आणि ते हजारोंची फर्स्ट स्टेज वाचवतं.

धुण्याचा क्रम असा:

१. शक्य असेल तर रेग्युलेटर टँकला जोडून, हवा चालू ठेवून धुवा. आत दाब असला की पाणी शिरूच शकत नाही.

२. टँक नसेल तर डस्ट कॅप कोरडी करून घट्ट बसवा आणि मग कोमट गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवत ठेवा. पाणी हाताला सोसवेल इतपतच गरम. मीठ विरघळायला वेळ लागतो, नळाखाली दोन मिनिटं धरून ते सुटत नाही. डाइव्ह संपल्यावर मीठ वाळू द्यायचं नाही. बोटीवर गोडं पाणी नसेल तर किनाऱ्याला येईपर्यंत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

३. हवा बंद असताना पर्ज बटण, म्हणजे सेकंड स्टेजच्या पुढचं हवा सोडायचं बटण, कधीही दाबू नका. बटण दाबलं की झडप उघडते आणि पाणी होजमधून उलटं फर्स्ट स्टेजकडे जातं. सेकंड स्टेज बादलीच्या तळाशी बटणावर टेकली तरी हेच होतं. ज्या मॉडेलला नॉब आहे तो धुताना पूर्ण आत फिरवून ठेवा.

४. सेकंड स्टेजच्या माउथपीसमधून हळू धारेने पाणी सोडा, ते खालच्या टी आकाराच्या नळीतून बाहेर येऊ द्या. वाळू इथेच अडकते.

५. पिस्टन प्रकारात फर्स्ट स्टेजच्या बाजूला असलेल्या भोकांवर पाण्याची धार धरा. योकचा स्क्रू, होजची टोकं आणि होज प्रोटेक्टर (टोकावरचं रबरी आवरण) सरकवून त्याखालचा भागही धुवा. प्रोटेक्टरखाली साचलेलं मीठ बाहेरून दिसत नाही आणि होजचं क्रिम्प, म्हणजे टोकाला दाबून बसवलेली धातूची पट्टी, तिथूनच गंजतं.

६. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कोकणातल्या घरांत विहिरीचं किंवा बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर शेवटची धुलाई पिण्याच्या पाण्याने करा, नाहीतर क्षारांचा पांढरा थर बसतो.

पोहण्याच्या तलावात सराव केल्यावरही हेच करा. क्लोरीन रबराला मिठापेक्षा चांगलं नसतं.

पाणी चुकून आत गेलंच, म्हणजे डस्ट कॅप नसताना फर्स्ट स्टेज बुडाली, तर ‘बघू पुढच्या डाइव्हला’ करू नका. टँकला जोडून सेकंड स्टेजमधून काही मिनिटं हवा वाहू द्या आणि मग लवकरात लवकर तंत्रज्ञाकडे द्या. हवेच्या झोताने होजमधलं पाणी निघतं. पिस्टनच्या खाचेतलं मीठ मात्र निघत नाही.

पावसाळ्यातले चार महिने

जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावरचं डायव्हिंग बंद असतं आणि रेग्युलेटर कपाटात पडून राहतो. या काळात दमट हवेने माउथपीसच्या आत काळी बुरशी येते. पूर्ण वाळलेला रेग्युलेटर सुती पिशवीत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. होज मोठ्या गोलाईत ठेवा, फर्स्ट स्टेजजवळ कडक वाक नको. खिळ्याला टांगून ठेवलं तर सगळा भार क्रिम्पजवळ येतो आणि रबराला तिथेच चिरा पडतात. इन्व्हर्टर, फ्रिज किंवा मोटारजवळ ठेवू नका, कारण तिथल्या ठिणग्यांतून होणारा ओझोन रबर खातो. माउथपीसवर स्वच्छ कापडाची छोटी पिशवी बांधा. आत झुरळ शिरून एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये (सोडलेला श्वास बाहेर जातो त्या झडपेत) अडकतं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण घडतं.

मुंग्या, बुरशी यांवर उपाय म्हणून किंवा रबर ‘मऊ’ ठेवायला खोबरेल तेल, व्हॅसलीन, डब्ल्यूडी-४० लावायचा मोह होतो. काहीही लावू नका. तेलकट पदार्थ उच्च दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतात आणि अनेक प्रकारची रबरं त्याने फुगतात. सिलिकॉन ग्रीसही सिलिकॉनच्या डायाफ्रामला किंवा माउथपीसला लावायचं नाही, ते फुगतं. ओ-रिंगसाठीचं ग्रीस तंत्रज्ञाच्या हातात राहू द्या.

डाइव्हआधीच्या चाचण्या

यांना वेगळं साधन लागत नाही, आणि कोणीही स्वतः करू शकतो.

पहिली चाचणी हवा चालू करण्याआधी. डस्ट कॅप घट्ट बसवून किंवा बंद टँकला जोडून, दाब नसताना, सेकंड स्टेजमधून हलकेच श्वास ओढा आणि धरून ठेवा. काहीच येता कामा नये. किंचितही हवा येत असेल तर डायाफ्रामला छिद्र आहे, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड दुमडलीय, माउथपीस फाटलाय किंवा केसला तडा आहे. पाण्याखाली त्याच जागेतून पाणी येणार. ऑक्टोपसचीही हीच चाचणी करा. ती बहुतेक जण विसरतात.

दुसरी टँक जोडताना. व्हॉल्व्हवरची ओ-रिंग बोटाने फिरवून बघा. चिरलेली, चपटी झालेली असेल तर बदला. योकच्या व्हॉल्व्हला साधारण ०१४ नंबरची ओ-रिंग लागते, खिशात चार ठेवल्या तर डाइव्ह वाचते. योकचा स्क्रू बोटांच्या जोराने आवळा, जास्त नको. सील दाबाने होतं, ताकदीने नाही. एसपीजीची काच स्वतःच्या आणि इतरांच्या तोंडापासून फिरवून ठेवा आणि व्हॉल्व्ह हळू उघडा. झटक्यात उघडला तर २०० बारचा धक्का सीटवर बसतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. एसपीजीकडे बघत चार-पाच खोल श्वास घ्या. काटा हलता कामा नये. दर श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर टँकचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडलाय किंवा फिल्टर तुंबलाय. पृष्ठभागावर श्वास सहज लागेल, पण २० मीटरवर हवा कमी पडेल.

चौथी बादलीतली. हवा चालू असताना सेकंड स्टेज, माउथपीस वर करून, पाण्यात हळूहळू उतरवा. डायाफ्राम पाण्याखाली साधारण २.५ ते ४ सेंटिमीटर गेला की हवेचा फुस्स आवाज यायला हवा. डायाफ्राम बुडायच्या आधीच आवाज आला तर तो फार हलका लावलाय आणि उगाच वाहत राहील. ५-६ सेंटिमीटरलाही आला नाही तर श्वास जड जाणार. शेवटी सगळा संच पाण्यात बुडवून बुडबुडे शोधा.

एक छोटं साधन मात्र घ्यावं: आयपी गेज. बीसीडीच्या होजच्या टोकाला ते बसतं. हवा चालू करून पर्ज बटण दोन-तीनदा दाबा आणि काटा बघा. तो झटकन वर येऊन एका आकड्यावर थांबला पाहिजे. अचूक आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो. पाच मिनिटं तसंच ठेवा. काटा हळूहळू चढतच राहिला, तर फर्स्ट स्टेजची सीट झिजलीय. याला ‘क्रीप’ म्हणतात. महिन्यातून एकदा आकडा वहीत लिहून ठेवा. बिघाड पाण्यात कळण्याआधी या वहीत दिसतो.

काय बिघडलं, कुठे

सेकंड स्टेजमधून हवा झिरपते. हवा चालू केल्यावर लगेच झिरपायला लागून तशीच राहत असेल तर सेकंड स्टेजची सीट. थोड्या वेळाने सुरू होत असेल, पर्ज दाबला की थांबत असेल आणि पुन्हा येत असेल तर फर्स्ट स्टेजची क्रीप. आयपी गेज असेल तर शंका राहत नाही.

श्वासासोबत पाणी येतं. आधी माउथपीस बघा. दातांच्या खुणांच्या आत बारीक चीर असते, बोटाने ताणल्याशिवाय दिसत नाही. झिप टाय कापून नवा सिलिकॉनचा माउथपीस बसवणं पाच मिनिटांचं काम, घरी करता येतं. झिप टायचं कापलेलं टोक ओठाकडे येऊ देऊ नका. माउथपीस ठीक असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली वाळूचा कण शोधा.

एसपीजी आणि होजच्या सांध्यातून बारीक बुडबुड्यांची माळ येते. आतल्या छोट्या दांड्यावर ००३ नंबरच्या दोन ओ-रिंग असतात, त्या झिजल्यात. हाय प्रेशर होजच्या टोकाला सुईच्या अग्राएवढंच छिद्र असतं, त्यामुळे हवा हळू जाते. लो प्रेशर होज फुटला तर मात्र टँक काही मिनिटांत रिकामा होतो. म्हणून लो प्रेशर होजवर क्रिम्पजवळ चिरा, फुगवटा किंवा चिकटपणा दिसला की तो होज त्याच दिवशी बाद. विणीच्या आवरणाचे लवचिक होज बाहेरून नवे दिसत असले तरी आतलं अस्तर कडक होऊन त्याचे कण सुटू शकतात. त्यांच्यावर लिहिलेली तारीख बघून कंपनीने दिलेल्या मुदतीत बदला.

फर्स्ट स्टेजच्या बाजूच्या भोकांतून बुडबुडे येत असतील तर पिस्टनची ओ-रिंग गेली. डाइव्ह रद्द. यावर किनाऱ्यावर करण्यासारखं काही नाही.

होज बदलायचा झाल्यास हवा बंद करून, पर्ज दाबून दाब पूर्ण काढून मगच पाना लावा. नवा होज बोटांनी शेवटपर्यंत फिरवा आणि मग पान्याने फक्त ४-५ न्यूटन-मीटर इतका ताण द्या. पितळेचा आटा मऊ असतो, जोर लावला की खराब होतो.

सर्व्हिसिंगला देताना

बहुतेक कंपन्या दरवर्षी तपासणी आणि दोन वर्षांनी किंवा १०० डाइव्हनंतर, जे आधी होईल ते, पूर्ण ओव्हरहॉल सांगतात. काही मॉडेलना मुदत कमी असते. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं पाळा. फर्स्ट स्टेज किंवा सेकंड स्टेज व्हिडिओ बघून घरी उघडू नका. सीट बसते त्या कडेवर स्क्रू ड्रायव्हरचा बारीकसा ओरखडा पडला तरी नवी सीटही कायम गळत राहते आणि आख्खी बॉडी बदलावी लागते.

तंत्रज्ञाला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत द्या. पावतीवर सर्व्हिसिंगच्या आधीचा आणि नंतरचा आयपी लिहा. किट कंपनीची मूळ वापरा. चांगला तंत्रज्ञ याने दुखावत नाही, उलट त्याला बरं वाटतं. रेग्युलेटरमध्ये काय जाणवतं ते चिठ्ठीवर लिहून द्या: किती मीटरवर, टँकमध्ये किती दाब असताना, मुख्य स्टेज की ऑक्टोपस. ‘नीट चालत नाही’ यावरून त्याला काही शोधता येत नाही.

हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि तेव्हा सगळेच एकदम रेग्युलेटर घेऊन येतात. जुलै-ऑगस्टमध्ये द्या. हातात वेळ असतो आणि कामही घाईने होत नाही. परत आल्यावर थेट अंदमानच्या विमानात बसू नका. नवी सीट पहिल्या काही तासांच्या वापरात दबते आणि आयपी किंवा सेकंड स्टेजचं लावलेलं माप थोडं सरकू शकतं. आधी वरच्या सगळ्या चाचण्या करा, मग तलावात किंवा उथळ पाण्यात एक पूर्ण टँक वापरा, आणि काही हललं असेल तर त्याच तंत्रज्ञाकडून पुन्हा लावून घ्या.